काकांचा डेक्सा

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी काकांना दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. टेस्टोस्टेरॉन तयार करायला मेंदूकडून वृषणांना जो हुकूम जातो, तो या इंजेक्शनने थांबतो. कॅन्सरची रसद तुटते, पीएसए उतरतो. काकांचाही उतरला. पण त्याच टेस्टोस्टेरॉनवर हाडंही पोसली जातात, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा सांगितला. हाडांची घनता मोजायची ती बायकांची, असाच घरात सगळ्यांचा समज होता.

डेक्साच्या खोलीत बोगदा वगैरे नसतो. गादीचं लांब टेबल आणि त्यावरून सरकणारा यंत्राचा हात, एवढंच. तंत्रज्ञ ताईंनी उंची-वजन घेतलं, सकाळी कॅल्शियमची गोळी घेतली होती का ते विचारलं, कमरेचा पट्टा आणि किल्ल्या काढून ठेवायला लावल्या. मग काकांच्या पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा दिला. पाय असे वर आले की कमरेचा बाक टेबलाला टेकतो आणि मणके सुटे सुटे दिसतात. कमरेचे मणके झाल्यावर ठोकळा निघाला आणि पाऊल आत वळवून एका चौकटीला बांधलं. "आजोबा, पाय सैल सोडा, मी वळवते." पाय असा फिरवल्याशिवाय मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीत दिसत नाही, आणि म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुधा तिथेच किंवा तिच्या जरा खाली. पडद्यावर चित्र ओळीओळीने उतरत गेलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

मणक्यांचा टी-स्कोअर चांगला आला, खुब्याचा उणे २.६. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. हा फरक का, ते डॉक्टरांनी चित्रावरच दाखवलं. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, यंत्र तेही मोजतं आणि आकडा फुगतो. वयस्कर पुरुषाच्या रिपोर्टमध्ये नुसता मणक्यांचा आकडा बघून निश्चिंत होऊ नये, ते यासाठी.

हाडाची डागडुजी जन्मभर चालू असते. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही नवं भरतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हाडाला बाहेरून थर चढवतं, म्हणून पुरुषाचं हाड मुळात रुंद. पण कुरतडणाऱ्या पेशींना लगाम घालतं ते मुख्यतः इस्ट्रोजेन, पुरुषातसुद्धा. अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासूनच ते बनवतं. १९९४ साली अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या एका माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, उंची २०४ सेंटीमीटर आणि अजून वाढतच असलेली, हाडं मात्र विरळ. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेशच घेता येत नव्हता. पुढे अरोमाटेज नसलेले पुरुष आढळले. त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर हाडं भरली.

पुरुषाला पाळी जाण्यासारखा ठळक टप्पा नसतो. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन वयाबरोबर वाढतं, त्यामुळे हाडांच्या वाट्याला येणारा मोकळा भाग आणखी कमी होतो. काकांच्या इंजेक्शनने ही कित्येक वर्षांची घसरण काही आठवड्यांत घडवली आणि टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही गेलं. अशा उपचारात हाडांची झीज पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने होते.

मग बाकीच्या म्हाताऱ्यांनी टेस्टोस्टेरॉन घ्यावं का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषांची हाडांची घनता वर्षभरात वाढली होती. पण २०२४ मध्ये 'ट्रॅव्हर्स' चाचणीचे आकडे आले. पाच हजारांहून अधिक पुरुषांत हार्मोन घेणाऱ्या ३.५ टक्के जणांचं हाड मोडलं, न घेणाऱ्यांत सुमारे अडीच टक्के. घनता वाढली म्हणजे फ्रॅक्चर टळलं असं होत नाही. जिममधल्या कुणाच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचून घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. काकांसारख्या रुग्णाला तर ते देणं म्हणजे कॅन्सरला खतपाणी घालणं.

काकांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन ठरलं. त्याआधी मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि दातांची तपासणी. कारण या औषधावर असताना दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. जेवणात नाचणी आणि दूध, रोज चालणं, न्हाणीघरात धरायला दांडा.

जगभरात पन्नाशीपुढच्या दर पाच पुरुषांपैकी एकाला ठिसूळ हाडामुळे फ्रॅक्चर होतं. खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. तरी घरोघरी कॅल्शियमची बाटली आईच्याच नावाची असते. प्रोस्टेटचं हार्मोन इंजेक्शन सुरू होणार असेल, स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, उंची कमी झालेली दिसत असेल किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर वडिलांच्या, काकांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: डेक्सा कधी करायचा? हा प्रश्न पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच विचारायला हवा.