कार्ताहेना : अर्ध्या दिवसाची सफर

परक्या शहरात पाऊल टाकले की मराठी कुटुंब प्रथम दोन गोष्टींची चौकशी करते. एक जेवणाची आणि दुसरी शहर दाखवणाऱ्या बसची. कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात पहिल्या चौकशीचे उत्तर सुखाचे आहे. नारळाच्या रसात शिजवलेला भात, तळलेली मासळी आणि कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप! कोकणातल्या माणसाने नाक मुरडावे असे त्यात काही नाही. दुसरे उत्तरही तितकेच सरळ. सकाळी बस हॉटेलच्या दाराशी येते, चारएक तासांत टेकडी, किल्ला, तटबंदी, चर्च आणि दुकाने दाखवते आणि जेवणाच्या वेळेला होती तिथे आणून सोडते.

अर्ध्या दिवसात शहर कळते का, असा खोचक प्रश्न चोखंदळ मंडळी विचारतात. कळत नाही, हे उघडच आहे. पण कोणता दरवाजा कोणत्या चौकात उघडतो एवढे डोक्यात पक्के बसते आणि पुढचे दोन दिवस पायी भटकायला धीर येतो. मात्र बसमध्ये चढताना एक प्रश्न बरोबर घ्यावा. प्रत्येक मुक्कामावर गाइड सांगतो, हे अमक्याने बांधविले. आपण विचारावे, हे बांधले कुणी? बांधविले आणि बांधले यांत फरक एका अक्षराचा. पण कार्ताहेनात त्या एका अक्षरात शहराचा निम्मा इतिहास दडलेला आहे.

हे गाव दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्राच्या काठी वसले आहे. हवा आपल्या किनाऱ्यासारखीच दमट. सकाळी नऊला सदरा पाठीला चिकटतो. इथे मूळ रहिवाशांचे कालामारी नावाचे गाव होते. १ जून १५३३ रोजी पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने त्या जागी नवे शहर वसवले आणि स्पेनमधल्या एका बंदराचे नाव त्याला दिले. दक्षिण अमेरिकेतले सोने आणि पेरूच्या बाजूची चांदी घेऊन मायदेशी निघालेली स्पॅनिश जहाजे या सुरक्षित उपसागरात नांगर टाकू लागली. जिथे सोने तिथे चाचे, हा जगाचा न्याय. १५८६ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने शहर जिंकले, त्याचा काही भाग जाळला आणि १,०७,००० डुकाट खंडणी वसूल करूनच तो हलला. स्पेनचा राजा खडबडून जागा झाला. बाउतिस्ता आंतोनेली नावाचा इटालियन इंजिनियर नकाशे घेऊन आला आणि तट, बुरुज, किल्ले यांचे जे काम सुरू झाले ते थेट अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले.

बस प्रथम ला पोपा टेकडीवर चढते. पोपा म्हणजे जहाजाची मागची बाजू. समुद्रावरून पाहणाऱ्याला ही टेकडी तशी दिसते. उंची जेमतेम दीडशे मीटर, पण सपाट गावात तीच पर्वती! माथ्यावर १६०७ साली स्थापन झालेला मठ आहे. आत फुलांनी बहरलेले अंगण, सभोवती कमानींची पडवी आणि कान्देलारिया मातेची वेदी. २ फेब्रुवारीला तिचा सण असतो आणि सारे गाव टेकडी चढते. गाइड एक कथा हमखास सांगतो. मठ होण्यापूर्वी इथे काही लोक बोकडाच्या रूपातल्या सैतानाची पूजा करीत. मठाच्या संस्थापकाने तो बोकड कड्यावरून खाली लोटून दिला. बसमधली मंडळी हसतात. पण पूजा करणारे ते लोक कोण होते? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे आणि इथले मूळ रहिवासी. रात्री टेकडीवर जमून त्यांनी ज्याला हात जोडले, त्याला जिंकणाऱ्यांच्या कथेत सैतान हे नाव मिळाले.

मठाच्या कठड्यावरून दोन शहरे दिसतात. समुद्राच्या बाजूला बोकाग्रांदे भागातल्या पांढऱ्या उंच इमारती आणि तटाच्या आतली लाल कौले. मागच्या बाजूला टेकडीच्या उतारापासून खाजणापर्यंत पत्र्यांची दाट वस्ती. गाइड कॅमेऱ्यासाठी पहिल्या बाजूला उभे करतो. आपण दोन पावले मागे जाऊन दुसरीही बाजू पाहावी.

टेकडी उतरली की सान फेलिपे दे बाराहास हा किल्ला येतो. १६५७ च्या सुमारास इथे एक छोटी गढी उभी राहिली. १६९७ साली फ्रेंचांनी ती घेतली आणि शहरही लुटले. १७६२ पासून आंतोनियो दे आरेवालो या लष्करी इंजिनियराने सगळी टेकडीच दगडात गुंडाळून आजचा अजस्र किल्ला तयार केला. याच्या भिंती डोळ्यांत भरतात त्या तिरप्या उताराने. तोफेचा गोळा आदळावा आणि घसरून जावा अशी ती योजना. पोटात भुयारे आहेत. शत्रू आत शिरला तर त्याच्या पावलांचा आवाज दूरवर ऐकू यावा अशी त्यांची रचना सांगतात. लहान मुले ओरडून ती बातमी तत्काळ पडताळून पाहतात.

किल्ल्यासमोर एक पाय लाकडी असलेला पुतळा उभा आहे. हे ब्लास दे लेसो. निरनिराळ्या लढायांत त्यांचा एक पाय गेला, एक डोळा गेला आणि एक हात अधू झाला. उरलेल्या शरीराने त्यांनी १७४१ साली कार्ताहेना राखले. इंग्रज ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन दीडशेहून अधिक जहाजे आणि वीस हजारांवर माणसे घेऊन चालून आला होता. बचावाला होते तीनएक हजार लोक. स्पॅनिश शिपायांबरोबर त्यांत मूळ रहिवासी तिरंदाज होते आणि आफ्रिकी वंशाचे लढवय्येही. एप्रिलमध्ये इंग्रजांनी रात्रीच्या अंधारात या टेकडीवर हल्ला चढवला. शिड्या आखूड पडल्या, उजाडले आणि तोफांनी दाणादाण उडवली. उरलेले काम पीतज्वराने केले. गंमत अशी, की विजय झालाच असे समजून इंग्लंडात पदकेही पाडली गेली होती. त्यांवर लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकून बसलेले दाखवले होते! त्या स्वारीत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता. घरी परतल्यावर त्याने आपल्या जमिनीला ॲडमिरलचे नाव दिले. अमेरिकेतले प्रसिद्ध माउंट व्हर्नन ते हेच.

या वीरकथेत तल्लीन झालेल्या वेळीच आपला प्रश्न काढावा. बांधविले राजाने, आखले इंजिनियरांनी, लढविले लेसोंनी. बांधले कुणी? चुना कालवणारे, दगड फोडणारे आणि वाहणारे हात मुख्यतः गुलामांचे होते. तटाच्या दगडाला हात लावून पाहा. त्यात पोवळ्यांचे आणि शिंपल्यांचे ठसे दिसतात. तो समुद्राचाच दगड आहे. खर्च इतका झाला, की स्पेनचा राजा राजवाड्याच्या खिडकीतून दुर्बीण लावून बसला आणि म्हणाला, एवढ्या पैशात हे तट इथूनच दिसायला हवेत, अशी दंतकथा गाइड रंगवून सांगतो. पैशाची दंतकथा झाली. घामाची कुणी केली नाही.

पुढचा मुक्काम लास बोव्हेदास. तटाच्या पोटात २३ कोठड्या आणि समोर ४७ कमानी, अशी ही पिवळी लांबलचक इमारत १७९८ साली पुरी झाली. आधी दारूगोळा, पुढे कैदी आणि आता पर्यटक. हातमागाच्या पिशव्या, वेताच्या टोप्या, पाचूच्या अंगठ्या यांची दुकाने प्रत्येक कोठडीत आहेत. बस इथे ऐसपैस थांबते. कोलंबियाचा पाचू जगप्रसिद्ध आहे हे खरे. पण घाईत घ्यायची ती वस्तू नव्हे.

यानंतर बस सोडून पायी जुन्या शहरात शिरायचे. युनेस्कोने १९८४ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले हे शहर दृष्ट लागण्याजोगे आहे. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाची घरे, लाकडी सज्जे आणि त्यांवरून ओसंडणारी बोगनवेल. घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या दरवाजातून आत गेले की तिकोनी चौक लागतो, प्लासा दे लोस कोचेस, म्हणजे गाड्यांचा चौक. मध्ये संस्थापक एरेदियांचा पुतळा. एका बाजूच्या कमानींखाली मिठाईची दुकाने, आणि काचेच्या बरण्यांत काय? खोबऱ्याच्या वड्या आणि चिंचेच्या गोळ्या! आपल्या बायकामंडळींना माहेर भेटल्यासारखे होते.

गाइड घड्याळाकडे पाहत म्हणतो, पूर्वी इथे गुलामांचा बाजार भरत असे. आता पुढे चला. तिथेच पाय रोवावेत. स्पेनने गुलाम उतरवण्याची परवानगी दिलेल्या मोजक्या बंदरांत कार्ताहेना प्रमुख होते. लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे इथे साखळदंडांत उतरली आणि अशा चौकांत विकली गेली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांना आणण्याचा मक्ता पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता. कारण १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच होता. गोवा, वसई आणि मुंबईची बेटे तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे त्या काळात आपला आणि या चौकाचा धनी एकच! हा चौक आपल्याला वाटतो तितका परका नाही.

चार पावलांवर सान पेद्रो क्लावेर यांचे चर्च आहे. १५८० साली स्पेनच्या कातालोनिया प्रांतात जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १६१० साली इथे आले आणि १६५४ साली इथेच वारले. गुलामांचे जहाज बंदरात लागले की ते पाणी, फळे आणि औषधे घेऊन खाली तळघरात उतरत, जिथल्या दुर्गंधीने इतरांची शुद्ध हरपे. स्वतःला त्यांनी गुलामांचा गुलाम म्हणवून घेतले. १८८८ साली त्यांना संतपद मिळाले. वेदीखाली काचेच्या पेटीत त्यांच्या अस्थी आहेत. गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांचे शव पाहिलेल्यांना इथले वातावरण ओळखीचे वाटेल. दोघे एकाच पंथाचे.

पण क्लावेर बोलत कसे? जहाजातल्या माणसांच्या भाषा अनेक होत्या. त्यांच्याबरोबर आफ्रिकी दुभाषे असत आणि हे दुभाषे स्वतः जेझुइटांच्या मालकीचे गुलाम होते. त्यांच्यापैकी अंगोलातून आणलेल्या आंद्रेस साकाबुचे याची साक्ष संतपदाच्या चौकशीत नोंदली गेली, म्हणून निदान त्याचे नाव तरी उरले. ज्याने गुलामांचे अश्रू पुसले त्या मठाच्या पदरीही गुलाम होते, ही गोष्ट सफरीत सांगत नाहीत. ती सांगितल्याने क्लावेर लहान होत नाहीत. तो काळ किती मोठा आंधळा होता ते कळते.

पुढे इन्क्विझिशनचा वाडा. हे धर्मन्यायालय इथे १६१० साली आले. आजची देखणी इमारत १७७० ची. बाजूच्या भिंतीत एक लहानशी खिडकी आहे. शेजाऱ्याची चुगली करायची असेल तर तिथे येऊन सांगावे! गोव्यात तसलेच न्यायालय त्याआधी, १५६० पासून होते. ११ नोव्हेंबर १८११ रोजी कार्ताहेनाने स्पेनपासून स्वातंत्र्य पुकारले. त्या दिवशी हेत्सेमानी वस्तीतले कारागीर शस्त्रे घेऊन आले; त्यांचा पुढारी पेद्रो रोमेरो हा मिश्र वंशाचा लोहारकाम करणारा माणूस होता. १८१५ साली स्पॅनिश फौजेने शंभरहून अधिक दिवस वेढा घातला. हजारो लोक उपासमारीने मेले. त्यावरून शहराला ‘ला एरोइका’, वीरनगरी, हे बिरुद मिळाले. गुलामगिरी मात्र वीरनगरीतही कायद्याने संपली ती १८५२ च्या पहिल्या दिवशी.

सफर बहुधा सांतो दोमिंगो चौकात संपते. फेर्नांदो बोतेरो यांनी घडवलेली धष्टपुष्ट ब्राँझची बाई तिथे निवांत पहुडली आहे. तिला हात लावला की नशीब उघडते म्हणे; त्यामुळे तिचे काही अवयव घासून चकाकत आहेत. जवळच मोठ्या घोळाचे रंगीबेरंगी झगे घातलेल्या, डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या बाया उभ्या असतात. त्यांना पालेंकेरा म्हणतात. फोटो काढला तर पैसे द्यावे लागतात, म्हणून काही प्रवासी कुरकुरतात.

त्या येतात सान बासिलियो दे पालेंके या गावाहून आणि ते गाव शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. कार्ताहेनातून पळालेल्या गुलामांनी रानात कुंपणे घालून वस्त्या केल्या. पालेंके म्हणजे तसले कुंपण. त्यांचा एक पुढारी बेंकोस बिओओ. त्याच्याशी स्पॅनिश अधिकाऱ्यांना तह करावा लागला. पुढे दगा करून १६२१ साली त्याला फाशी दिले. पण वस्ती मोडली नाही. त्या गावात आजही स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून जन्मलेली स्वतंत्र बोली बोलतात. २००५ साली युनेस्कोने या गावच्या संस्कृतीचा गौरव केला.

तेव्हा बसने हॉटेलवर सोडले, जेवण झाले, डुलकीही झाली, की उन्हे उतरल्यावर पुन्हा बाहेर पडावे. पालेंकेराकडून फोटोबरोबर फळांची बशीही घ्यावी. पपई, आंबा, अननस ती समोर कापून देते. तिला नाव-गाव विचारावे. दुसऱ्या दिवशी सवड असेल तर गाडी करून तिच्या गावी जाऊन यावे. आणि मुलांसाठी खोबऱ्याच्या वड्या घ्यायच्या राहिल्या असतील तर घड्याळाच्या मनोऱ्याखालून पुन्हा आत शिरावे. त्या त्याच चौकात मिळतात.