बालकांसमवेत घरगुती फलशाकरस : काही व्यवहार्य सूचना

उन्हाळा सुरू होताच आनंदनगरच्या औद्योगिक परिसरातून चिकित्सालयात येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : मुलांना घरी कोणता रस काढून द्यावा? बाटलीबंद पेयांऐवजी मुलांना सोबत घेऊन ताजा रस काढण्याची ही इच्छा स्वागतार्ह आहे. मात्र 'रस द्या' एवढे उत्तर पुरेसे नाही. कोणता, किती व कसा, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य होय.

स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत गुरू मानला आहे. म्हणूनच शार्ङ्गधराचार्यांनी त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, एवढीच सांगितली. ही औषधाची मात्रा असल्याने आहारातील फळांच्या रसास ती जशीच्या तशी लागू होत नाही. तथापि पेलाभर रस पचावयास हलकाच असतो, ही समजूत तिच्यामुळे दूर होते. एका पेल्यासाठी तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी फळे बालक एका बैठकीत चावून खात नाही. शिवाय चोथा गेला की तंतू जातात, साखर राहते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांस फळांचा रस देऊ नये. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसास १२५ मि.लि. व त्यापुढे २५० मि.लि. ही कमाल मर्यादा आहे. मंदाग्नी, कास वा प्रतिश्याय असता त्याहूनही कमी द्यावा किंवा वर्ज्य करावा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुधी भोपळ्याचा. गोड दुधी पथ्यकर खरा. परंतु कडू भोपळ्याची, म्हणजे इक्ष्वाकूची, गणना चरकाचार्यांनी वामक द्रव्यांत करून कल्पस्थानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय योजला आहे. त्यातील कडू घटकांना आधुनिक शास्त्र कुकुरबिटॅसिन म्हणते. २०१० मध्ये दिल्लीत दुधी व कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने रसापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असल्यास तो टाकून द्यावा व दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, असे सुचविले. तरीही २०१८ मध्ये पुण्यात अशीच दुर्घटना घडली. कारल्याच्या कडवटपणात वा लिंबू-मधाच्या चवीत दुधीचा कडूपणा लपतो, हे यातील मर्म होय.

यास्तव पालकांस पुढील क्रम सांगावा. फळे-भाज्या वाहत्या पाण्यात धुण्याचे काम मुलांकडे द्यावे. कापणे व चाखणे मोठ्यांनीच करावे. प्रत्येक दुधीचा व काकडीचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागताच थुंकून, चूळ भरून ते फळ टाकून द्यावे. शिजवूनही ते वापरू नये. 'आधी चव, मग रस' हा नियम मुलांसमोर पाळला की तो त्यांच्या अंगी मुरतो.

त्यानंतर मोसंबी पिळणे, बदलापूरच्या जांभळांचा गर हाताने कुस्करून बी वेगळी करणे, किसलेले गाजर स्वच्छ सुती कापडातून पिळणे ही कामे मुले आनंदाने करतात. वस्त्रगालित स्वरसाचा हा घरगुती पाठच होय. रस काढताच प्यावा, साठवू नये. त्यात साखर व बाहेरचा बर्फ घालू नये. आंबट फळांचा दुधाशी संयोग विरुद्ध असल्याने टाळावा.

रस प्यायल्यावर तीव्र उलट्या, रक्तमिश्रित वमन, पोटदुखी, अतिसार वा ग्लानी आढळल्यास घरी उपचार करीत बसू नये. या विषावर विशिष्ट उतारा नाही. रुग्णास तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावे.

आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पालक घरी रस काढतात. तेव्हा व्यवस्थापत्रावर रसाचे नाव लिहिताना त्यापुढे मात्रा व 'चाखून घ्यावा' हे दोन शब्द प्रत्येक वैद्याने अवश्य लिहावेत, ही विनंती.