अठरा इंचांचा ओटा

ओटा अठरा इंच उंच, अंगण अकरा फूट लांब. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात मिस्त्रीने टेप गुंडाळत हे दोन आकडे सांगितले आणि रॅम्पचं गणित तिथंच अडलं. एक इंच चढायला बारा इंच लांबी हवी, असा दंडक आहे. म्हणजे अठरा इंचांना अठरा फूट. "एवढा लांब कायले जी? सहा फुटांत बसवून देतो," मिस्त्री म्हणाला. सहा फुटांत तो बसतोही. पण मग चाकाची खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना ती हातातून निसटते. धानाच्या या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की ओटा उंच ठेवण्यात कुणाचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

शेवटी रॅम्प वळवायचं ठरलं. भिंतीला धरून थोडा चढ, मग खुर्ची फिरेल एवढी पाच फुटांची सपाट जागा, मग उलट दिशेने उरलेला चढ. सिमेंट ओलं असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या, नाहीतर पहिल्याच पावसात शेवाळ धरतं. कडेला तीन इंचांची वीट, म्हणजे चाक बाहेर जात नाही. आणि धरायला पाइप. मिस्त्रीच्या अंदाजाने संडासाच्या कामासह खर्च १८,००० रुपये.

घरातला मुलगा पंचविशीचा, सिकलसेलचा रुग्ण. रक्तपुरवठा तुटल्याने त्याच्या खुब्याचं हाड खचलं आहे. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल आला. पण कागदावर नाव आल्याने उकिडवं बसता येत नाही. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांत बांधलेल्या त्याच्या संडासाचं दार दोन फुटी, खुर्ची सव्वादोन फुटांच्या आसपास. दार उघडतं तेही आत. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडून बसेल, हे बांधताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता पैशाचं. सरळ सांगायचं तर 'दिव्यांगाच्या राहत्या घरात बदल' या नावाने थेट मागता येईल अशी योजना मला सापडली नाही. इंग्लंडात यासाठी स्थानिक कौन्सिलकडून ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळतं आणि कामाची गरज ठरवायला बहुधा थेरपिस्ट घरी येऊन बघून जातो. आपल्याकडे २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला खरा, पण ओट्यापुढच्या रॅम्पसाठी अजूनही इथला थोडा, तिथला थोडा असा निधी जोडावा लागतो.

त्यातला सर्वांत जवळचा म्हणजे ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी. आधी तो ३ टक्के होता. २०१८च्या शासन निर्णयाने ५ झाला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या तिघींनी स्वउत्पन्नातला एवढा हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. सगळी मेख 'स्वउत्पन्न' या शब्दात. वित्त आयोगाचा निधी त्यात धरत नाहीत. घरपट्टी, दुकानभाडं, बाजाराचा लिलाव एवढंच. या पंचायतीचं ते उत्पन्न वर्षाला साडेतीन लाख. त्याचे ५ टक्के म्हणजे १७,५००. गावात दिव्यांग सात. मग दरवर्षी प्रत्येकाच्या खात्यावर २,५०० रुपये जातात आणि रजिस्टरमध्ये निधी शंभर टक्के खर्च दिसतो.

"सगळ्यायले सारखं देल्लं का भांडण नाई," ग्रामसेवकांनी कारण सांगितलं. माणूस बरा, भांडणं त्यालाच निस्तरावी लागतात. पण मला ही वाटणी पटत नाही. ज्याला ऐकू कमी येतं त्याला अडीच हजार आणि ज्याला संडासात जाता येत नाही त्यालाही अडीच हजार, ही समानता नव्हे, सोय आहे. एका वर्षी एका घराचा रॅम्प, पुढच्या वर्षी दुसऱ्याचं काही, असा क्रम ग्रामसभेत ठरवला तर याच पैशातून सात वर्षांत साती घरांची कामं उभी राहतील.

अर्जाचे कागद जड नाहीत: यूडीआयडी कार्ड, आधार, पासबुक, घराचा नमुना ८, मिस्त्रीचं अंदाजपत्रक. अडकलं नमुना आठवर. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, फेरनोंद कुणी केलीच नव्हती. दोन्ही काकांचं संमतीपत्र घ्यावं लागलं. एक काका तिरोड्याला. ते सही करायला आले तेव्हा हिश्शाचा जुना विषय निघालाच. मुलाची आई चहा ठेवत एवढंच म्हणाली, "घर नाई मांगत भाऊजी, पायरी मोडाची हाय."

पंचायतीचे अडीच हजार मिळाले. पंचायत समितीच्या सेस फंडासाठी दिलेल्या अर्जावर 'तरतूद उपलब्ध झाल्यास विचार करू' असा शेरा आला. रॅम्प झाला तो भावाच्या मजुरीवर आणि बचत गटाच्या कर्जावर. संडासाचं दार अजून दोन फुटीच आहे. तिथे सध्या प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती भांड्यावर ठेवली आहे. खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर सरकतात, म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत.

याच गल्लीत पुढे एका घरकुलाचा पाया खोदला जात होता. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला १.२० लाख, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १.३० लाख रुपये मिळतात. रॅम्पसाठी त्यात वेगळा रुपया नाही. पण नव्या भिंतीत दोनऐवजी तीन फुटांचं दार ठेवायला, ते बाहेर उघडणारं बसवायला आणि जोत्याबरोबरच रॅम्पचा पाया भरायला खर्चात फारसा फरक पडत नाही. हेच काम नंतर भिंत फोडून करायचं तर हजारोंनी मोजावे लागतात. २०१६च्या कायद्याच्या कलम ३७ ने घरवाटपाच्या योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण दिलं आहे. पण त्या आरक्षणातून मिळालेलं घरही त्याच ठरीव नकाशाने उभं राहिलं तर उंबरठा पुन्हा आडवा येणारच.

तेव्हा घरकुलाच्या यादीत नाव लागलेल्या घरांना एवढंच सांगणं: घरात कुणी दिव्यांग असेल, तर जोत्याचा फोटो योजनेच्या ॲपवर चढायच्या आधी अभियंत्याला बोलवा आणि खुर्ची प्रत्यक्ष जागेवर फिरवून दाखवा. आणि जुन्या घरासाठी पैसे मागायचे असतील, तर अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी लेखी द्या. अंदाजपत्रक जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.