शोधशब्द आणि त्यांमागील आकडे

ग्रंथालयातील एखादे पुस्तक कितीही उत्तम असले, तरी सूचीपत्रात त्याची नोंद भलत्याच विषयाखाली झाली तर ते वाचकाच्या हाती पडत नाही. इंटरनेटवरील व्हिडिओंचीही हीच गोष्ट आहे. 2005 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि 2006 साली गूगलने विकत घेतलेल्या यूट्यूबवर व्हिडिओंचा अफाट साठा आहे. त्यातून हवा तो व्हिडिओ मिळावा म्हणून प्रेक्षक जे शब्द लिहितो, त्यांस शोधशब्द किंवा कीवर्ड म्हणतात. व्हिडिओ करणाराने हे शब्द आधी ओळखून शीर्षकात व वर्णनात योजावे लागतात.

एक उदाहरण घ्यावे. 26 डिसेंबर 2019 रोजी दक्षिण भारतातून आणि 21 जून 2020 रोजी उत्तर भारतातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. अशा प्रसंगी ग्रहण सुरक्षितपणे कसे पाहावे हे सांगणारा व्हिडिओ एखाद्या शाळेने तयार केला आहे, असे समजू. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते आणि त्या क्षणी वेदनाही जाणवत नाही. यास्तव तो व्हिडिओ मुलांपर्यंत वेळेवर पोहोचणे अगत्याचे असते.

जुळणीचे तीन प्रकार

कोणता शब्द किती वेळा शोधला जातो, या संख्येस शोधसंख्या म्हणतात. परंतु ‘शोधला जातो’ म्हणजे नेमके काय? गूगलच्या जाहिरात-व्यवस्थेत याची तीन उत्तरे रूढ आहेत. ‘सूर्यग्रहण कसे पाहावे’ हा शोधशब्द घेतला, तर विस्तृत जुळणीत ‘ग्रहणाचा चष्मा’ किंवा ‘ग्रहणात जेवावे का’ असे दूरचे शोधही येऊ शकतात. पदसमूह-जुळणीत ‘मुलांनी सूर्यग्रहण कसे पाहावे’ अशा, मागेपुढे आणखी शब्द असलेल्या शोधांचा समावेश होतो. तंतोतंत जुळणीत तोच शोध आणि त्याची निकटची रूपे एवढीच मोजली जातात. म्हणजे हे तीन प्रकार एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे आहेत. सर्वांत मोठ्या डब्यातील आकडा पाहून हुरळून जाणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. ‘सूर्यग्रहण’ हा एकच शब्द घेतल्यास संख्या मोठी दिसेल. पण त्यातील कित्येकांस ग्रहणाची वेळ, कित्येकांस राशिफल, तर कित्येकांस केवळ छायाचित्रे हवी असतात.

आकडा कशाचा?

गूगलच्या जुन्या साधनात तिन्ही प्रकारांच्या शोधसंख्या पाहता येत असत. 2013 साली त्याच्या जागी ‘कीवर्ड प्लॅनर’ आले. ते मुख्यतः तंतोतंत जुळणीचीच संख्या देते. ही संख्या बारा महिन्यांची मासिक सरासरी असते. ग्रहणासारख्या विषयात शोध काही दिवसांतच एकवटतात; सरासरीत तो उंचवटा सपाट होतो. शिवाय ही संख्या गूगलवरील शोधांची असते, यूट्यूबवरील नव्हे. ‘गूगल ट्रेंड्स’ या साधनात मात्र केवळ यूट्यूबवरील शोधांचा चढउतार पाहता येतो. तेथे प्रत्यक्ष संख्या न देता 0 ते 100 या तुलनात्मक मापाने आलेख काढलेला असतो.

भारतीय भाषांत आणखी एक अडचण आहे. ‘सूर्यग्रहण’ हा शब्द हिंदीत आणि मराठीत एकच. कोणी तो जोडून लिहितो, कोणी तोडून. कोणी ‘सु’ ऱ्हस्व काढतो, तर कोणी रोमन लिपीत लिहितो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. सर्व रूपे वेगवेगळी तपासावीत आणि प्रदेश व भाषा ठरवूनच संख्या वाचावी.

निवड कशी करावी

प्रथम व्हिडिओ ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न एका वाक्यात लिहावा. तोच प्रश्न लोक कोणत्या शब्दांत विचारतात, हे यूट्यूबच्या शोधचौकटीत आपोआप सुचणाऱ्या पर्यायांवरून पाहावे. मग त्यांची तंतोतंत संख्या ताडून, लहान का होईना, पण नेमका शब्द निवडावा. 2012 पासून यूट्यूब व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला यास महत्त्व देते. राशिफल शोधणारा प्रेक्षक सुरक्षिततेचा व्हिडिओ क्षणभर पाहून निघून गेला, तर त्या गर्दीचा उपयोग नाही. याउलट ‘ग्रहण पाहण्यासाठी सूचिछिद्र पेटी कशी करावी’ असे विचारणारी थोडीच मुले आली, तरी ती शेवटपर्यंत पाहतील आणि पेटी करतील.

आकडा ही केवळ मोजणी आहे. कोणास काय हवे, हे त्यामागील प्रश्नावरूनच कळते.