कॉम्प्युटरचं अक्षर मोठं करा, हिशोब स्वतः बघा



गटाचं काम वहीवरून कॉम्प्युटरवर यायला लागलं, तेव्हापासून एक गोष्ट गुपचूप घडते आहे. वर्षानुवर्षं वही लिहिलेली ताई "मला दिसत नाही गं, तूच बघ" म्हणते आणि माऊस सुनेच्या नाहीतर भाच्याच्या हातात देते. हिशोब तिला तोंडपाठ असतो, अडतं ते फक्त बारीक अक्षरापाशी. चाळिशीनंतर जवळचं कमी दिसणं हे सगळ्यांचंच आहे. पण म्हणून गटाचा पैसा दुसऱ्याच्या डोळ्यांनी का बघायचा?

न्हावा आणि शेवा या आपल्या दोन गावांच्या नावाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. आज कंटेनरच्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर काम करणारी मुलं-मुली आपल्याच घरातली. त्यांचा जुना लॅपटॉप घरी पडून असेल तर तो उघडा. खाली सांगितलंय ते सगळं विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतं. वेगळे पैसे नाहीत, इंटरनेटही लागत नाही.

कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे, ते विंडोज बटण. ते दाबून ठेवा आणि अधिकचं चिन्ह दाबा. पडद्यावर भिंग येतं. पुन्हा अधिक दाबलं की अजून मोठं, वजा दाबलं की लहान. भिंग बंद करायचं तर विंडोज बटण आणि कोपऱ्यातलं एस्केप. भिंगात पानाचा एकच तुकडा दिसतो, माऊस हलवाल तसा तो सरकतो. पहिले दोन दिवस गरगरल्यासारखं होईल, मग हात बसतो.

रोजच्या कामाला मात्र मला दुसरा उपाय जास्त बरा वाटतो. विंडोज बटण आणि यू दाबा. सोयींची यादी उघडते. त्यात 'टेक्स्ट साइज' मध्ये एक पट्टी आहे. ती उजवीकडे सरकवून 'अप्लाय' दाबलं की अक्षर सव्वादोन पटीपर्यंत मोठं होतं आणि तसंच राहतं. माऊसचा बाणही त्याच यादीतून मोठा आणि रंगीत करता येतो. बाण शोधण्यात किती वेळ जातो, ते ज्या बसल्यात त्यांनाच माहीत! एक्सेलचा तक्ता मोठा करायला कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवा.

आता हातांचं. संधिवाताने बोटं आखडलेली असतात, किंवा एका हातात बाळ असतं. ईमेलमधलं ॲट चिन्ह काढायला शिफ्ट आणि दोन एकदम दाबावे लागतात, ते जमत नाही. अशा वेळी शिफ्ट पाच वेळा पटापट दाबा आणि विचारलं की 'येस' म्हणा. याला 'स्टिकी कीज' म्हणतात. मग आधी शिफ्ट दाबून सोडायचं, नंतर दोन दाबायचा. एका बोटाचं काम. ही चौकट कधी चुकून समोर आली तर घाबरू नका, कीबोर्ड बिघडलेला नाही. 'नो' म्हणा. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन पैसे घालवू नका.

ज्यांना फारच कमी दिसतं किंवा अजिबात दिसत नाही, त्यांच्यासाठी कॉम्प्युटर वाचून दाखवतो. विंडोज, कंट्रोल आणि एन्टर एकदम दाबलं की 'नॅरेटर' बोलायला लागतो, तीच बटणं पुन्हा दाबली की गप्प. त्यात मराठी आवाज नसेल तर तो मराठी मजकूर वाचत नाही. त्यावर 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यातला आवाज थोडा यंत्रासारखा आहे, पण मराठी वाचतो. हे मात्र इंटरनेटवरून घ्यावं लागतं. बचतीचे आकडे ऐकताना कानात हेडफोन घाला. कोणाचं किती कर्ज बाकी आहे, ते घरभर कशाला?

एकच कॉम्प्युटर चौघी वापरत असतील तर प्रत्येकीचं वेगळं खातं उघडून घ्या. नाहीतर एकीने अक्षर मोठं करायचं आणि दुसरीने लहान, असा रोजचा वाद. आणि डोळे तपासून घ्यायचं राहिलं असेल तर आधी ते करा, विशेषतः साखरेचा त्रास असलेल्यांनी. नजर अचानक कमी झाली असेल, तर त्यावर भिंग हा इलाज नाही.

येत्या मासिक बैठकीत वही लिहिणाऱ्या ताईलाच खुर्चीवर बसवा. बाकीच्यांनी फक्त बटणं सांगा, माऊस तिच्याच हातात राहू द्या.