विश्लेषण : जुनी जीप का तापते? बिघाड शोधण्याआधी ‘कुठे तापली’ ते पाहा

रविवारी पहाटे रे रोडहून निघालेली जुनी जीप खोपोलीपर्यंत झकास जाते. बोरघाटाच्या चढावर मात्र तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि बोनेटच्या फटीतून वाफ येऊ लागते. ‘पाणी ओतू आणि निघू’ असे गाडीतले कुणीतरी म्हणतेच. हा सल्ला इंजिनाला महागात पडू शकतो आणि घाईने टोपी उघडणाऱ्याचा हात-चेहराही भाजू शकतो. जुन्या फोर बाय फोर गाड्या तापण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. ती शोधायची कशी, याविषयी...

रे रोड आणि जीपचे नाते काय?

महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपची भारतात जुळणी सुरू केली. सुरुवातीच्या काळात हे काम रे रोड स्थानकाला लागूनच असलेल्या माझगावात चालत असे. पुढे याच घराण्यातील पेट्रोल जीप आल्या. ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या तंत्रज्ञानाचे डिझेल इंजिन असलेली ‘एमएम ५४०’ आली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी बाजारात आली. यातील बऱ्याच गाड्या आजही हौसेने सांभाळल्या जातात, पावसाळ्यात चिखलात उतरवल्या जातात. गाडी चाळीस वर्षांची झाली की तिची पाणी थंड करणारी यंत्रणाही तेवढीच जुनी झालेली असते, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

इंजिनातील उष्णता जाते कुठे?

ढोबळमानाने इंधनातील ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप कूलंट फिरवतो, रेडिएटर त्याची उष्णता हवेला देतो आणि पंखा ती हवा खेचतो. कूलंट साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला राहिले तर इंजिन खूश असते. तापमान त्याच्या फार वर गेले, की पंखा, पाणी आणि रेडिएटर यांपैकी कुणीतरी काम चुकवते आहे किंवा इंजिनच प्रमाणाबाहेर उष्णता निर्माण करते आहे, असे समजावे. नेमका दोषी कोण, हे गाडी कोणत्या परिस्थितीत तापते यावरून बरेचसे कळते. रे रोड ते लोणावळा या एकाच प्रवासात तीन परीक्षा होतात : शहरातली कोंडी, महामार्गावरचा वेग आणि घाटातला चढ.

कोंडीत तापली तर?

बॅरिस्टर नाथ पै मार्गावर ट्रकच्या रांगेत अडकलेल्या जीपला समोरून वारा मिळत नाही. सगळा भार पंख्यावर असतो. त्यामुळे उभी असताना तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर आपोआप थंड होणारी गाडी ही बहुधा पंख्याची तक्रार असते. आधी फॅन बेल्टचा ताण पाहावा. बेल्ट चकचकीत झाला असेल तर तो घसरत असतो. त्यानंतर पंख्याभोवतीचे आवरण, म्हणजे ‘श्राउड’, जागेवर आहे का ते पाहावे. दुरुस्तीच्या वेळी काढलेले हे आवरण अनेक जीपना पुन्हा बसवलेलेच नसते. ते नसले की पंखा रेडिएटरमधून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर त्याचा स्विच, फ्यूज आणि फिरण्याची दिशा तपासावी. उलटा फिरणारा पंखा समोरच्या वाऱ्यालाच अडवतो.

महामार्गावर वेगात तापली तर?

शीव-पनवेल महामार्गावर वारा भरपूर असतो. तिथे काटा चढला तर संशय पंख्यावरून पाण्याच्या प्रवाहाकडे न्यावा. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने किंवा गंजाने आतून बुजल्या असतील, तर कमी वेगात निभावते, जास्त वेगात नाही. रेडिएटरच्या खालचा होजपाइप हे दुसरे कारण. तो मऊ पडला असेल तर इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि प्रवाह अडतो. गाडी उभी केली की तो पुन्हा गोल होतो, म्हणून गॅरेजमध्ये दोष दिसत नाही. बोनेट उघडून, हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवून, दुसऱ्याला अॅक्सिलरेटर दाबायला सांगितले की तो पकडला जातो. वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्रातून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले आहे.

फक्त घाटात किंवा चिखलात तापली तर?

ही सर्वात कठीण परीक्षा. वेग कमी, भार जास्त आणि वारा नाही. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची चढते. मोठ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत नेले तर पंखाही हळू फिरतो आणि पंपही. छोटा गिअर घेतला की दोन्ही वेगाने चालतात आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. चिखलात किंवा खडकाळ वाटेवर यासाठीच ‘फोर लो’ वापरावा. डांबरी घाटात मात्र फोर बाय फोर लावू नये, पुढचे-मागचे अॅक्सल एकमेकांना ताणतात.

गाडीवर हौसेने चढवलेल्या वस्तूही तपासाव्यात. जाळीसमोरचे जाड बंपर, चार दिवे आणि विंच हवा अडवतात. मोठे टायर गिअरचे गणित बिघडवतात. पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवले, पण रेडिएटर जुनाच ठेवला, अशाही गाड्या आहेत. तिथे बिघाड असा नसतोच, रेडिएटरच अपुरा असतो. चिखलातून आल्यावर रेडिएटरच्या पत्र्यांत माती आणि गवताचे तुरे अडकतात. ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवावेत. जोरदार फवाऱ्याने नाजूक पत्रे आडवे होतात. शिवाय चाकाजवळ हात नेऊन पाहावा : एखादे चाक जास्तच गरम असेल तर ब्रेक पकडून राहिला आहे आणि इंजिन विनाकारण ओढते आहे. पेट्रोल गाडीत इग्निशन टायमिंग मागे असणे, डिझेल गाडीत काळा धूर येणे, ही जादा उष्णतेची लक्षणे आहेत.

सुरू करताच तापत असेल, तर?

थंड इंजिन काही मिनिटांतच तापले, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. वरचा होज गरम आणि खालचा थंड, हा त्याचा किंवा बुजलेल्या रेडिएटरचा इशारा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात लटकवावा आणि पाणी तापवावे. बऱ्याच गाड्यांचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो. पाणी उकळूनही तो उघडला नाही तर बदलावा.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलच्या टोपीखाली दुधी चिकटा, ही लक्षणे असतील तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. अशा गाडीत पाणी भरून पुढे जाणे म्हणजे दुरुस्तीचे बिल वाढवणे.

थर्मोस्टॅट काढून टाकणे योग्य आहे का?

‘मुंबईच्या हवेत त्याची गरज काय’ असे म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत जुनी आहे. त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, इंधन जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतो आणि गाडी भाराखाली अधिकच तापते.

टोपी आणि कूलंट यांना इतके महत्त्व का?

रेडिएटरची टोपी प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, लोणावळ्याच्या उंचीवर साधारण ९८ अंशांना. टोपीने आतला दाब वाढवला की उकळण्याचा बिंदू वर जातो. जादा दाब एक बार असेल तर तो सुमारे १२० अंश होतो. टोपीचे रबर किंवा स्प्रिंग गेले तर निरोगी इंजिनातही पाणी उकळून बाहेर येते. नवी टोपी घेताना गाडीला नेमून दिलेल्या दाबाचीच घ्यावी. जास्त दाबाची टोपी जुन्या रेडिएटरचे सांधे फोडू शकते.

बोअरवेलच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात आणि नुसते पाणी लोखंड गंजवते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे उत्पादकाने सांगितलेले मिश्रण वापरावे. भरताना गाडीचे नाक चढाकडे ठेवावे, इंजिन थंड असतानाच भरायला घ्यावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा बाहेर जाऊ द्यावी.

वाटेत काटा लाल पट्ट्यात गेला तर काय करावे?

सुरक्षित जागी थांबावे. वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर इंजिन लगेच बंद करावे. यातले काहीच नसेल तर बोनेट उघडून इंजिन किंचित वाढीव वेगात एक-दोन मिनिटे चालू ठेवावे. काटा उतरला नाही तर बंद करावे. नव्या गाड्यांत हीटर लावून थोडी उष्णता बाहेर काढता येते, जुन्या जीपमध्ये बहुधा हीटरच नसतो.

घाटात हँडब्रेक लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा आणि निघताना तो रस्त्यावरून आठवणीने बाजूला करावा. टोपीला किमान अर्धा तास हात लावू नये. त्यानंतरही जाड कापड ठेवून आधी अर्धाच आटा फिरवावा आणि दाब सोडावा. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवावी : सगळे कूलंट वाहून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. वाफेनंतर अचानक ‘नॉर्मल’ झालेल्या काट्यावर विश्वास ठेवू नये.

रेडिएटर बदलावा की दुरुस्त करावा?

जुन्या जीपचे तांबे-पितळी रेडिएटर डाखाने जोडलेले असतात. त्यांची टाकी उघडून नळ्या सळईने साफ करता येतात आणि पुन्हा डाख देता येतो. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या नव्या अॅल्युमिनियम रेडिएटरना ही सोय नाही. त्यामुळे दारूखान्याच्या भंगारात तांब्याच्या भावाने विकण्याआधी जुना रेडिएटर एकदा उघडून पाहावा. पण त्याहीआधी टोपी, बेल्ट, होज, श्राउड आणि थर्मोस्टॅट या क्रमाने तपासावे. गॅरेजमध्ये ‘गाडी तापते’ एवढेच न सांगता, ती कुठे, किती वेगात आणि किती वेळाने तापते हे सांगितले, तर मेकॅनिकचे अर्धे काम तिथेच होते.