बैल पळतो तो कुणाच्या परवानगीने?

जुन्नर-आंबेगावच्या घाटांत आणि सातारा-सांगलीच्या माळांवर बैलगाडे पुन्हा पळू लागले, तेव्हापासून एक वाक्य कायम कानावर पडते : “सुप्रीम कोर्टाने आधी बंदी घातली, मग चूक कळली आणि उठवली.” ऐकायला सोयीचे आहे, पण झाले तसे नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती थांबवल्या, त्या तेव्हाच्या कायद्यावर बोट ठेवून. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणारा १९६० चा केंद्रीय कायदा होता. शिवाय २०११ मध्ये केंद्राने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या रांगेत बैलालाही बसवले होते; म्हणजे त्याला खेळासाठी शिकवायचे नाही, त्याचे प्रदर्शन करायचे नाही. या चौकटीत शर्यत बसत नव्हती.

मग चौकटच बदलली. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत येतो, त्यामुळे राष्ट्रपतींची संमती मिळवून राज्याला केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोटलेल्या गर्दीनंतर तमिळनाडूने ती केली. कर्नाटक आणि महाराष्ट्र मागोमाग गेले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तात्पुरती वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यत परंपरा आहे की नाही, हे विधिमंडळाने ठरवावे, असेही पीठाने म्हटले. थोडक्यात, बैल मोकळा केला तो आमदारांनी. प्राणीमित्रांनी कोर्टात जिंकलेली लढाई ते सभागृहात हरले, कारण तिथे त्यांच्या बाजूने बोलायला सत्ताधारी नव्हते आणि विरोधकही नव्हते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. गोव्यात बैलांच्या झुंजी, म्हणजे धीरयो, १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंद केल्या. त्या कायदेशीर करा, अशी मागणी तिथल्या विधानसभेत अधूनमधून होते. तशी दुरुस्ती मात्र झालेली नाही, म्हणून बंदी टिकून आहे.

दुसरा समज प्राणीमित्रांच्या बाजूचा : जनावरांनाही मूलभूत हक्क आहेत. २०१४ च्या निकालाची भाषा तिकडे झुकणारी होती खरी. पण प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करणारा दाखला नाही, असे २०२३ च्या पीठाने स्पष्ट केले. राज्यघटनेत आहे ते नागरिकाचे कर्तव्य : अनुच्छेद ५१-क सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगायला सांगतो. कर्तव्य आणि हक्क यांत बरेच अंतर आहे.

“हे सगळे शहरी, परदेशी खूळ” असेही म्हणतात. १९६० च्या कायद्यामागची मुख्य प्रेरणा भरतनाट्यमच्या नर्तिका आणि कलाक्षेत्रच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक मांडले, सरकारच कायदा आणेल असे आश्वासन नेहरूंनी दिले, म्हणून ते मागे घेतले. पुढे प्राणी कल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा झाल्या. शहरी म्हणा हवे तर, पण परदेशी कसे म्हणणार?

आता “शर्यतीला रान मोकळे” या समजाविषयी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, धाव एक हजार मीटरच्या पुढे नेता येत नाही, बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी लागते आणि काठी-चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. घाटावर हे कितपत पाळले जाते, ते ज्याने त्याने डोळे उघडे ठेवून पाहावे.

तोच बैल शर्यतीऐवजी उसाच्या गाडीला जुंपलेला असेल, ओझे बेसुमार असेल आणि त्याला बडवले जात असेल, तर १९६० च्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये.  शिक्षा वाढवणारा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. त्यासाठी मरीनावर कुणी जमले नाही.